चार बोटं वाढीव चिमटा

आमच्या बोरजाईच्या घाटात परकी माणसं गाडी घेऊन आली की तिसऱ्या वळणावर थांबून देवाचं नाव घेतात. मी त्या वळणावर सुपारी तोंडात टाकायची. आता सून ओरडते म्हणून चौथ्या वळणावर टाकते.

वर सड्यावर आमच्या वाड्या, खाली चिलिंग सेंटर, मधे हा घाट. वाड्यांमधले पुरुष फौंड्रीत जातात आणि दूध खाली न्यायचं काम बायका करतात. मोटरसायकलच्या दोन्ही अंगाला एकेक कॅन टांगायची आणि निघायचं. मी शालन खडके, ह्या दूधलाइनीवरची पहिली बाई. माझ्यामागून आलेल्या सगळ्या बायकांना क्लच सोडायला मी शिकवलं, आणि शिकवताना शिव्याही दिल्या. आता गाड्या बॅटरीच्या झाल्या, क्लच गेला. शिव्या आहेत.

गेल्या साली वरून नियम आला. घाटात दोन चाकांवर वजन नेणारी गाडी स्वतःचा तोल स्वतः राखणारी पाहिजे, नाहीतर रस्ता बंद. कारणही होतं. दुसऱ्या घाटांत पोरं वजन लादून पडत होती, मरत होती. नियम करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण बाजारात तोल राखणाऱ्या ज्या गाड्या होत्या, त्यांच्या पोटात गरगर फिरणारी जड चक्रं. सपाट रस्त्यावर झकास, आमच्या चढावर निम्म्यात बॅटरी संपून बसायच्या. दुसरा मार्ग म्हणजे ड्रोनच्या उडत्या टोपल्या. त्या धुक्यात उडत नाहीत, आणि वाडीत एका म्हशीच्या दुधासाठी उतरतही नाहीत. म्हणजे दूधलाइन बंद झाली की एकदोन म्हशीवाल्या घरांनी दावी सोडायची, म्हशी विकायच्या. वाड्या त्या म्हशींवर उभ्या होत्या. माझं म्हणाल तर मी लाइनीवर उभी होते. घरात बसून टीव्हीला जाब देणाऱ्या बायकांतली मी नाही.

ह्या गोष्टीत माझी सून आहे, म्हणून तिचं सांगते. ईश्वरी इचलकरंजीची, घरात यंत्रमाग. शिकून पुण्याच्या प्रयोगशाळेत होती. माझ्या धैर्यशीलनं तिथूनच तिला पसंत केली आणि मला नंतर कळवलं. ती मला आत्ती म्हणते. पहिल्या दिवशी ती आली ती गोठ्यात न जाता माझ्या गाडीपाशी जाऊन उकिडवी बसली आणि चिमट्यावरून हात फिरवायला लागली. चिमटा म्हणजे मागचं चाक धरणारे दोन दांडे. पुस्तकात त्याला स्विंगआर्म म्हणतात.

"आत्ती, हा वाढवलाय कुणी?"

मी म्हटलं, तुझ्या सासऱ्यानं. ते असते तर तुला आधी चहा दे म्हणाले असते, मी म्हणत नाही.

आमचे हे वेल्डर होते. कंपनीची गाडी दोन माणसांच्या हिशेबानं केलेली असते, दोन कॅनच्या नाही. कॅन टांगल्या की त्या मागच्या चाकाच्याही मागं लोंबायच्या. चढावर पुढचं चाक हलकं व्हायचं आणि हँडल नुसतं हातात खेळायचं. ह्यांनी चिमटा कापला, मधे चार बोटं लांबीचा तुकडा घालून जोडला. चाक मागं सरकलं ते बरोबर कॅनच्या खाली आलं. पुढचं चाक जमिनीला धरून राहायला लागलं. पण ह्या जगात फुकट काही नाही. लांब गाडी सरळ छान जाते आणि वळायला कंटाळते. आखूड वळणावर तिला अख्खा रस्ता लागतो. तरी लाइनीवरच्या सगळ्या गाड्यांना ह्यांनी चार चार बोटं वाढवून दिली, आणि अख्खा रस्ता कसा घ्यायचा ते मी शिकवलं.

ईश्वरीनं मला ह्याची पुढची गंमत सांगितली, आणि मला समजेल अशी सांगितली, तेवढा मान तिला देते. गाडीची मान, म्हणजे हँडलखालचा दांडा, तिरका असतो. त्या दांड्याच्या रेषेत जमिनीपर्यंत दोरी ताणली तर ती जिथं टेकेल, त्याच्या थोडं मागं टायर टेकतो. म्हणजे टायर त्या ठिकाणाच्या मागून ओढला जातो. मी म्हटलं, म्हणजे म्हशीमागून रेडकू चालतं तसा. रेडकू जरा अंतर ठेवून चाललं की सरळ चालतं. पायात पायात आलं की इकडंतिकडं होतं. मान जास्त तिरकी केली की अंतर वाढतं, गाडी सरळ धावते, हँडल जड होतं. मान उभी केली की गाडी चटकन वळते, पण बावरते. वजन मागं पडलं की मागची बाजू बसते आणि मान आपोआप तिरकी होते. उतारावर ब्रेक मारला की पुढची बाजू दबते आणि मान उभी होते. म्हणजे एकाच घाटात एकच गाडी चार स्वभावांची होते.

"मामांनी वेल्डिंग एकदाच करायचं म्हणून मधलं माप धरलं," ती म्हणाली. "माप बरोबर आहे. पण लोखंडाला वळणागणिक लांब-आखूड होता आलं तर?"

मी म्हटलं, मग तो चिमटा राहणार नाही, सरडा होईल.

तिच्या प्रयोगशाळेत केसासारखा एक तंतू केला होता, जाणता तंतू म्हणायचे त्याला. तो पाइपाच्या आत चिकटवला की पाइप किती वाकला, कुठं ताणला, हे डोळ्याची पापणी लवायच्या आत सांगतो. ईश्वरीला कल्पना सुचली ती मागावरून. तिच्या माहेरी ताण्यातला एक धागा तुटला की माग आपोआप थांबतो, कारण प्रत्येक धाग्यावर एक पत्ती टेकून असते. तिनं गाडीच्या चासीत असे तंतू सगळीकडं भरायचे ठरवले. चिमटा पाइपात पाइप असा सरकता करायचा, आत स्क्रू, स्क्रूला बारकी मोटर. मानही तशीच, थोडी उभी थोडी तिरकी होणारी. चेन असती तर चिमटा लांबताना तुटली असती, पण आता मोटर चाकातच असते, चेनचा प्रश्न नाही. तंतूंनी सांगायचं, गाडीतल्या मेंदूनं ठरवायचं आणि चिमट्यानं ऐकायचं. जड चक्र नाही, जास्तीचं वजन नाही. गाडीनं आपलं अंग बदलून तोल राखायचा.

हे करायला तिला गाडी पाहिजे होती आणि तिनं बोट दाखवलं ते माझ्या गाडीकडं.

घरात अबोला झाला. धैर्यशील दोघींच्या मधे ताट घेऊन बसायचा आणि आमटीचं कौतुक करायचा, कारण तेवढा एकच विषय सुरक्षित होता. ह्यांच्या हातची वेल्डिंग मी कुणाला कापू देणार नव्हते. मग ईश्वरीनं केलेल्या अर्जावर परिवहन खात्याकडून चाचणीची तारीख आली आणि मी ईश्वरीला म्हटलं, चासी घे. चिमटा मात्र उतरवून माझ्या हातात द्यायचा. तो मी गोठ्यात खुंटीला टांगला. तिनं त्याच्यापुढं उभं राहून ह्यांच्या वेल्डिंगच्या माळेपासून माळेपर्यंत माप घेतलं. मी विचारलं, कशाला? म्हणाली, लागेल.

नवी गाडी तयार झाली तरी तिला घाट येत नव्हता. तिला शिकवायला मीच लागणार होते. रोज मी चालवायची, तंतू ऐकायचे, मेंदू लक्षात ठेवायचा. पहिल्या आठवड्यात आमचं पटलं नाही. मी वळायला जायची आणि ही बया लांब व्हायची. अंगाखाली गाडी लांबतेय हे जाणवतं, झोपेत कुणी पांघरूण ओढावं तसं. मी खाली येऊन ईश्वरीला सांगितलं की तुझी गाडी मला न विचारता निर्णय घेते.

"आत्ती, ह्या घरात तसं दुसरं पण कोणीतरी आहे," ती म्हणाली.

धैर्यशीलला ठसका लागला. पोरीत पाणी आहे एवढं त्या दिवशी मी मनात मान्य केलं.

मग हळूहळू गाडी शिकली. मी खांदा टाकायच्या आत तिला कळायला लागलं की वळण आलं. आखूड व्हायची, मान उभी करायची, आणि जिथं मला अख्खा रस्ता लागायचा तिथं अर्ध्यात वळायची. वळण संपलं की परत लांब. भरल्या कॅन घेऊन उतरताना हँडल लोण्यासारखं झालं. लाइनीवरच्या बायका थांबून बघायच्या. मी म्हणायची, बघू नका, दूध तापतंय.

घात झाला तो वर येताना.

आमच्याकडं दूध घालून रिकामी कॅन गोठ्यात आणत नाहीत. घाटाच्या पायथ्याला म्हसोबाचा झरा आहे. तिथं थांबून कॅनमधे तीनेक लहान कळशा पाणी घ्यायचं आणि ते वर आणून म्हशीच्या कुंडीत ओतायचं. म्हशीचं आपण नेलं, तिला काहीतरी परत आणलं, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या सासूनं हे डोक्यावर हंडा घेऊन केलं, मी गाडीवर केलं. पण ईश्वरीचे तंतू जोडून झाल्यापासून मी गाडीला शिकवत होते ते फक्त उतरणं. वर मी गाडी टेम्पोत घालून आणत होते, चिमट्याची मोटर तापू नये म्हणून. पहिल्यांदा चढाची चाचणी घेतली तेव्हा मी झऱ्यावर थांबले आणि रोजच्यासारखं पाणी घेतलं.

दुसऱ्या वळणानंतर सरळ चढ लागतो. तिथं गाडीचं शेपूट हलायला लागलं. डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं, दर वेळेस जास्त. मी इतकी वर्षं गाडी चालवली, शेपूट हललेलं मला नवीन नाही. जरा थांबलं की आपोआप बसतं. पण ही गाडी थांबू देईना. मी शांत, आणि ती तरातरा लांब-आखूड, लांब-आखूड. शेवटी मला गवतात टाकलं आणि स्वतः बाजूला आडवी झाली. माझं कोपर सोललं, चिमट्याची मोटर बिघडली, बाकी काही नाही. पण मी पडले होते. बोरजाईच्या घाटात शालन खडके पडली, हे मी घरी पोहोचायच्या आत सगळ्या वाड्यांत पोहोचलं.

ईश्वरीनं माझ्या कोपराला हळद लावली आणि म्हणाली, अर्धवट भरलेल्या कॅनमधलं पाणी हिंदकळतं. भरलेली कॅन हिंदकळत नाही, रिकामीत काही नसतंच. पाणी डावीकडं गेलं की मेंदूला वाटतं वजन सरकलं, म्हणून तो चिमटा हलवतो. तोवर पाणी उजवीकडं. तो परत हलवतो. पाळण्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की झोका वाढत जातो ना, तसं तो पाण्याला झोका देत बसला.

"आत्ती, चाचणीपुरतं पाणी नका घेऊ. एक दिवस."

मी म्हटलं, नाही. गाडी आमच्या घाटाला चालायला पाहिजे, घाटानं गाडीला नाही. आज पाणी सोडायचं, उद्या म्हणाल कॅन लहान करा, परवा म्हणाल बाई लहान करा.

त्यावर ती पहिल्यांदा चिडली. म्हणाली, तुम्हाला जिंकायचंय का खरं ठरायचंय? मी म्हटलं, मला दोन्ही सवयीचं आहे. ती उठून गोठ्यात गेली आणि टांगलेल्या चिमट्यापुढं बराच वेळ उभी राहिली. मी चुलीपाशी बसून राहिले. माझं चुकतंय असं मला वाटत नव्हतं, पण ती पोर रडत असेल तर, असं वाटत होतं.

रडत नव्हती. विचार करत होती. दुसऱ्या दिवशी तिनं मला एकच विचारलं, शेपूट हलतं तेव्हा तुम्ही काय करता? मी सांगितलं, काही नाही. हात सैल सोडते, गाडी जशी आहे तशी ठेवते. ती म्हणाली, तेच. आम्ही तिला सगळं करायला शिकवलं, काही न करायला शिकवलंच नाही. मग तिनं मेंदूत बदल केला. तंतूंना हिंदकळण्याची लय ऐकू आली की चिमट्यानं एका मापावर यायचं आणि पाणी निवेपर्यंत तिथंच थांबायचं. बॅटरीनं दगा दिला किंवा गाडी बंद केली तरी त्याच मापावर येऊन घट्ट बसायचं. माप कोणतं, ते मी विचारलं नाही. खुंटीवरचा चिमटा अंमळ फिरलेला दिसत होता.

पण हे चालतं का, ते बघायला दिवसच उरला नाही. मोटर दुरुस्त होऊन आली तीच चाचणीच्या सकाळी.

तपासणीला मुजावर मॅडम आल्या. पन्नाशीची बाई, डोक्यावर ओढणी, बोलणं मोजकं. मला आवडली. नियम असा की उतार रोजच्या चालवणारानं चालवायचा, आणि चढ नवख्यानं. गाडी नवख्यालाही सांभाळते का, हेच तर बघायचं होतं. नवखी म्हणजे ईश्वरी. तिला गाडी करता येत होती, घाटात चालवायची तिला भीती वाटायची, आणि ही गोष्ट घरात फक्त मला माहीत होती. 

उतार मी केला. त्याबद्दल काय लिहायचं? पाण्यावरून तेल सरकावं तशी गाडी खाली आली. तिसऱ्या वळणावर मॅडम त्यांच्या गाडीतून बघतायत म्हणून मी सुपारी तोंडात टाकली नाही. तेवढं सोडलं तर सगळं रोजच्यासारखं.

दूध घातलं. कॅन रिकाम्या झाल्या. ईश्वरीनं हेल्मेट चढवलं आणि मी मॅडमच्या गाडीत मागं बसले. झऱ्याशी आल्यावर ईश्वरीनं गाडी थांबवली. मी कळशी घेऊन खाली उतरले. तिनं ब्रेक अजून घट्ट धरून ठेवलेला. आणि मला एकदम वाड्या, म्हशी, लाइन काही दिसेना. माझ्या पोराची बायको त्या सरळ चढावर गवतात पडलेली दिसली.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "राहू दे आजच्या दिवस. म्हसोबा मला ओळखतो, मी त्याच्याशी बघते काय ते."

तिनं हेल्मेटची काच वर केली. "आत्ती, नियमात काय लिहिलंय, रोजच्या वापरासारखं. रिकामी कॅन गोठ्यात न्यायची नाही." आणि माझ्या हातातली कळशी घेऊन तिनं स्वतः पाणी भरलं. दोन्ही कॅनमधे. एक कळशी जास्तच.

मुजावर मॅडमनी खाली उतरून विचारलं की हे काय चाललंय. मी सांगितलं. त्यांनी कॅनमधे डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, अर्धवट भरलेलं सगळ्यात वाईट असतं, माहितीये ना? ईश्वरी म्हणाली, माहितीये, म्हणूनच. मॅडमनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "तुमच्या जबाबदारीवर."

आम्ही मागून निघालो. पहिलं वळण तिनं भीतभीत घेतलं, गाडी आखूड होऊन तिला आत घेऊन गेली. दुसरं वळण बरं. मग सरळ चढ. तिनं वेग धरला आणि जिथं मी पडले होते, त्याच्या जरा अलीकडं शेपूट हललं.

डावीकडं. उजवीकडं. मी दाराचा दांडा धरला. माझ्या तोंडात आलं होतं, हात सोड गं, हात सैल सोड, पण तिला ऐकू जाणार नव्हतं, आणि मी दात आवळून गप्प बसले. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. परत डावीकडं. आणि मग चिमटा सरकताना दिसला, सावकाश, एकदाच, आणि थांबला. हिंदकळणाऱ्या पाणीभांड्याला आपण हात लावून ठेवतो तसा. शेपूट एकदा थोडं हललं, मग नुसतं थरथरलं, आणि गाडी सरळ चढाला लागली. ईश्वरीचे खांदे खाली आले. तिनं हात सैल सोडले होते, मला मागून दिसत होतं.

मुजावर मॅडम ड्रायव्हरला म्हणाल्या, जरा जवळ घ्या. पुढं वाकून त्या चिमट्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, ह्या गाडीनं आत्ता काहीच केलं नाही, बरोबर? मी म्हटलं, बरोबर. म्हणाल्या, काही न करणारं यंत्र मी ह्या नोकरीत पहिल्यांदा बघितलं.

वर सगळी दूधलाइन रस्त्याच्या कडेला गाड्या लावून उभी होती. कोणी ओरडलं नाही, फटाके नाहीत. ईश्वरी सरळ गोठ्यापुढं गेली, स्टँड लावला, कॅन उतरवली आणि म्हशीच्या कुंडीत पाणी ओतलं. म्हशीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. तिला उन्हाचं तापलेलं पाणी चालत नाही, नखऱ्याची आहे. तेव्हा मात्र सगळ्या बायका एकदम हसल्या आणि मग टाळ्या वाजल्या त्या थांबेनात. मुजावर मॅडमनी तिथंच सांगितलं, पास. आणि पुढच्या घाटांच्या चाचणीत अर्धी भरलेली कॅन असलीच पाहिजे, असं लिहून घेतलं.

मी गोठ्यात जाऊन खुंटीवरचा चिमटा उतरवला आणि बाहेर गाडीपाशी आणला. नव्या चिमट्याशेजारी धरला. चाकाच्या आसाला आस बरोबर लागला. ईश्वरी बघत होती. मी म्हटलं, तुझ्या सासऱ्याची बोटं जाड होती, मी बोटांनी मोजलं असतं तर चुकलं असतं. ती म्हणाली, म्हणून मी वेल्डिंगवरून मोजलं. मग आम्ही दोघी आत गेलो आणि मी तिला चहा दिला. पहिल्या दिवशीचा राहिला होता.

आता लाइनीवरच्या सगळ्या गाड्यांत तंतू आहेत. खालच्या घाटांतून माणसं बघायला येतात, ईश्वरी त्यांना दोरी ताणून मान आणि रेडकू समजावून सांगते, रेडकू माझं आहे हे सांगत नाही. गाडीला कधी गप्प बसायचं ते माझ्या सुनेनं शिकवलं. मला ते अजून कोणी शिकवलेलं नाही, आणि कोणी शिकवायला येऊही नये.